मदत हवी आहे: 'इन हॉस्पिटल' की 'इन द हॉस्पिटल'? तातडीचं

खोर्लीकर: मेल आजच जायला हवा. 'शी इज इन हॉस्पिटल' बरोबर की मध्ये 'द' हवा? मोबाईल कधी लाल रेघ मारतो, कधी नाही. व्याकरणाचा तास नको, एका ओळीत सांगा.

निवृत्त मास्तर: 'द' नको. पेशंट असतो तो 'इन हॉस्पिटल'. त्याला डबा द्यायला गेलेला 'ॲट द हॉस्पिटल'. शाळेचंही तेच. मूल 'गोज टू स्कूल', फी भरायला बाप 'टू द स्कूल'.

केपेंकार: मास्तर, हे ब्रिटिश झालं. अमेरिकन लोक पेशंटलाही 'इन द हॉस्पिटल'च म्हणतात. मेल कुणाला जाणार ते आधी कळू दे.

निवृत्त मास्तर: आम्ही जन्मभर हेच शिकवलं.

केपेंकार: म्हणून अमेरिका बदलेल होय?

सावईवेरें: पेशंट कोण? बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं का? खाजगीवाले उगीच ठेवून घेतात. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड रिन्यू केलंय ना? तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाख.

खोर्लीकर: कार्डाचं कोणी विचारलं? आई ॲडमिट आहे. भाऊ क्रूझवर कामाला, कंपनी अमेरिकेची, त्याला इमर्जन्सी लीव्ह हवी. मी लिहिलंय, 'मदर इज ॲडमिटेड इन नर्सिंग होम, म्हापसा'. 'द' कुठे घालू?

तारवटी: 'द' राहू दे, आधी 'नर्सिंग होम' काढ! तिकडे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला ठेवतात ती जागा. वाचणारा म्हणेल, यात इमर्जन्सी कसली? 'प्रायव्हेट हॉस्पिटल' लिही. 'शी वॉज ॲडमिटेड टू द हॉस्पिटल ऑन' आणि पुढे तारीख. लेटरहेडवर नर्सिंग होम छापलेलं असणार, तेव्हा डॉक्टरांकडून आजार आणि उपचार स्पष्ट लिहून घे. मेलच्या आधी भावाला बोटीवर लावणाऱ्या एजंटला फोन कर, बोटीवर निरोप तोच पोचवतो.

जुनें गोंय: मडगावच्या हॉस्पिसिओ इस्पितळाचंही तसंच. बाहेरच्याला वाटतं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची जागा. बाकी हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल एकाच लॅटिन घराण्यातले, आणि आपलं इस्पितळ पोर्तुगिजांकडून आलेलं. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली तेव्हा...

खोर्लीकर: दादा, इतिहास उद्या. 'इज ॲडमिटेड' चालेल का?

तारवटी: आपल्याकडे चालतं. तिकडे 'वॉज ॲडमिटेड', आणि अजून आत आहे हे सांगायला 'इज स्टिल इन द हॉस्पिटल'. आई अजून आतच आहे ना? ते लिहिलंच नाहीस.

खोर्लीकर: हो, आयसीयूत.

तारवटी: अरे, मग पहिल्याच ओळीत आयसीयू लिही!

केपेंकार: 'हॉस्पिटलाइज्ड' लिहा, 'द'ची कटकटच नाही.

निवृत्त मास्तर: स्पेलिंगात एस की झेड?

केपेंकार: अमेरिकेला झेड.

निवृत्त मास्तर: ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही झेडच आहे, उघडून बघा.