कॅज्युअल्टीतला फार्मासिस्ट
'कॅज्युअल्टीत फार्मासिस्टचं काम खिडकीतून औषध देण्यापुरतंच' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सर्पदंशाचंच घ्या. प्रतिविषाची सुरुवातच साधारण १० कुप्यांनी होते, आणि आपल्याकडे ते बहुधा भुकटीच्या रूपात येतं. प्रत्येक कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून हलक्या हाताने फिरवत विरघळवायचं; जोरात हलवलं की नुसता फेस.

एका ग्रामीण रुग्णालयात भर पावसाळ्यात रात्री मण्यार चावलेला पेशंट आला होता. डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालत होते, सिस्टर त्यांच्या हाताखाली. कुप्या मी विरघळवत होतो, रिअॅक्शन आलीच तर म्हणून अॅड्रेनालिन शेजारी भरून ठेवलेलं. मी नसतो तर त्या एकट्या सिस्टरला पेशंट सोडून कुप्यांपाशी बसावं लागलं असतं.