नवीन खाऱ्या पाण्याची टाकी: अमोनिया ०.२५ वरून खाली येतच नाहीये, मासे सोडू का?

निळीटाकी_पुणे:
नमस्कार मंडळी. १५० लिटरची टाकी आहे, खडक-वाळूची जागा सोडली तर आत पाणी साधारण १३० लिटर असेल. खडक कोरडा, वाळूही कोरडी, बाटलीतले बॅक्टेरिया सुरुवातीलाच घातले आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमला (लिटरमागे २ मिलिग्रॅम) नेला. तो हळूहळू उतरत उतरत ०.२५ वर आला आणि तिथेच बसलाय. रोज संध्याकाळी टेस्ट करतेय, रोज तोच पिवळट हिरवा रंग, कधी कधी तर वाटतं ०.५ कडे झुकलाय. नायट्राइट कधी फारसं दिसलंच नाही, आता पूर्ण शून्य आहे. नायट्रेट २० च्या आसपास, पीएच ८.१, तापमान २६, सॅलिनिटी ३५. मासा एकही नाही, टाकीत खाणं पडत नाही, मग हा अमोनिया येतोय कुठून?

किट दोन बाटल्यांचं लिक्विडवालं आहे, हिरवा रंग येतो ते. पाणी किचनमधल्या आरओचं घेते, सोसायटीला सध्या टँकर येतो. दुकानदार म्हणतो नायट्रेट आलं म्हणजे सायकल झाली (म्हणजे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करायला लागले), क्लाउन माशांची जोडी घेऊन जा. पण मला कुठल्या जिवावर प्रयोग करायचा नाहीये, म्हणून आधी इथे विचारतेय.

कोकणरीफ:
ताई, थांबलात ते फार चांगलं केलंत. आधी टाकीवर संशय घेऊ नका, आधी किट तपासा. आरओचं साधं पाणी घ्या, मीठ न घालता, आणि त्याची अमोनिया टेस्ट करा. मग त्याच आरओ पाण्यात तुमचं मीठ बादलीत ताजं कालवा, तासाभराने त्याची करा. आणि तिसरी टाकीच्या पाण्याची. तिन्ही नळ्या एकाच वेळी, शेजारी शेजारी. बादलीतल्या पाण्यात ना मासा ना खडक, तरीही तिथे ०.२५ दिसलं तर टाकीत काही सडत नाहीये हे कळेल. काही मिठांमध्ये अमोनियाचा थोडा अंश मुळातच असतो, आणि खाऱ्या पाण्यात या हिरव्या किटांचा सगळ्यात खालचा रंग अगदी स्वच्छ पिवळा क्वचितच दिसतो.

बघताना दिवसा खिडकीपाशी बघा, पाठीमागे पांढरा कागद धरून. संध्याकाळी घरातल्या एलईडीखाली पिवळा रंग हिरवट वाटतो आणि तुम्ही रोज संध्याकाळीच बघताय. रंगाचं कार्ड खाऱ्या पाण्याचंच घेतलंय ना तेही बघा, किटसोबत गोड्याचं आणि खाऱ्याचं असे दोन तक्ते असतील तर अदलाबदल सहज होते. नळी आधी टेस्टच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची, हाताला साबण किंवा फरशीचं लिक्विड लागलेलं नको, झाकणाऐवजी बोट लावून नळी हलवायची नाही. थेंब टाकताना बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात. आणि वेळ घड्याळ लावून मोजा, जास्त वेळ ठेवलेल्या नळीचा रंग गडद होत जातो.

टाकीवाला_ठाणे:
मी म्हणतो एवढं कशाला, अर्धं पाणी बदल आणि अमोनिया बांधणारं कंडिशनर टाक, दोन दिवसात शून्य. आणि कोरड्या खडकाने सायकल रडत रडतच होते, मालवणला कोणी जाणारं असेल तर समुद्रातला एक खडक आणून टाक, त्यावर तयार बॅक्टेरिया असतात.

लॅबवाली:
ठाणेकर, दोन्ही गोष्टी नका सांगू कोणाला, प्लीज. खडक आधी. आपल्याकडे दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच. समुद्रातून उचललेल्या खडकावर जिवंत प्रवाळ आहे की नाही हे आपल्याला किनाऱ्यावर उभं राहून ओळखता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मालवणचा किनारा आधीच पुरेसं सोसतोय. शिवाय तो खडक गाडीत इतके तास तापत आला की त्यावरचे अर्धे जीव मरतात आणि टाकीत सडून खरा अमोनिया तेव्हा वाढतो.

आता कंडिशनर. ते अमोनिया काढून टाकत नाही, थोड्या वेळापुरता बांधून ठेवतं. हिरवं किट एकूण अमोनिया मोजतं, बांधलेला धरून, त्यामुळे आकडा तसाच दिसणार आणि ताई अजून घाबरणार. नेसलरवालं किट असेल, म्हणजे पिवळा-नारिंगी रंग देणारं, तर ते कंडिशनरनंतर चक्क खोटं दाखवतं. सायकल चालू असताना यातलं काहीच घालू नका, टाकीत जे खरं चाललंय तेच आपल्याला बघायचंय.

ताई, तुमच्या दुकानदाराचं नायट्रेटवालं म्हणणं मला पटत नाहीये आणि त्याचं कारण तुमचा टँकर आहे. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणं अगदी नेहमीचं. घरगुती आरओची मेम्ब्रेन नायट्रेट पूर्ण अडवत नाही आणि त्यात टीडीएस कंट्रोलर असतो ना, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणजे तुमचं २० नायट्रेट बॅक्टेरियांनी केलेलं आहे की टँकरमधून आलंय हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. कोकणरीफ म्हणतायत त्या नळ्यांसोबत आरओ पाण्याची नायट्रेट टेस्टही करा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे टाकीला पुन्हा एक मोजका डोस द्यायचा आणि ती किती वेळात खाते ते बघायचं. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण तो अशुद्ध असतो, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातलंच घ्या. या पाण्याचे ६३ मिली १०० लिटरला टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो, तुमच्या १३० लिटरला ८० मिली. एकदम ५ च्या वर नेऊ नका, तिथे बॅक्टेरियाच मंदावतात. २४ तासांनी अमोनिया पुन्हा आजच्या आकड्याला आला आणि नायट्राइटही गेलं तर टाकी तयार. हिशोबाने २ पीपीएम अमोनियातून साधारण ७ पीपीएम नायट्रेट तयार होतं, तेवढं वाढलेलं दिसलं की शंका उरत नाही. हो पण नायट्राइट शून्य झाल्यावरच नायट्रेट मोजा, नायट्राइट असेल तर नायट्रेटचं किट फुगवून दाखवतं.

कोकणरीफ:
लॅबवालींचं बरोबर आहे, टाकी अमोनिया खाते का हाच खरा प्रश्न. ०.२५ च्या रंगाकडे बघून ते कधीच कळणार नाही.

पण ०.२५ खरा असेल तर तो किरकोळ समजू नका हेही सांगतो. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, माशाला जाळतो तो त्यातला मोकळा भाग. गोड्या पाण्यात पीएच ७ ला तो एक टक्कासुद्धा नसतो, समुद्राच्या पाण्यात पीएच ८.२ ला सात-आठ टक्के असतो. म्हणून गोड्या पाण्याचे जुने लोक सांगतात ०.२५ ला काय होतं, ते इथे लावू नका. नायट्राइटचं मात्र उलटं, खाऱ्या पाण्यात भरपूर क्लोराइड असल्यामुळे ते माशाच्या रक्तात फारसं शिरत नाही, थोडं दिसलं तर घाबरू नका.

निळीटाकी_पुणे:
सगळं केलं, सकाळी खिडकीपाशी. आरओचं साधं पाणी: अमोनिया स्वच्छ पिवळा, शून्य. बादलीतलं ताजं मिठाचं पाणी: ०.२५!! टाकीचं पाणी: त्याच्याशी तंतोतंत सारखं, घरातल्या तिघांना दाखवलं, कोणालाच फरक सांगता आला नाही. ०.५ वाटायचं ते संध्याकाळच्या लाइटमुळेच असणार, सकाळी तसं अजिबात दिसलं नाही. आणि लॅबवाली, तुमची शंका खरी, आरओ पाण्यातच नायट्रेट १० दिसतंय.

मग ८० मिली डोस दिला. तासाभराने रंग २ च्या जवळ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत तोच ०.२५ वाला रंग, पण नायट्राइट १ च्या आसपास आलंय. आता हे बरं की वाईट?

लॅबवाली:
खूप बरं! अमोनिया खाणारे बॅक्टेरिया जागेवर आहेत हे सिद्ध झालं, आणि किट खरा अमोनिया दाखवतं हेही कळलं. नायट्राइट खाणारे नेहमी मागून येतात, त्यांना अजून थोडे दिवस द्या. अमोनिया-नायट्राइट दोन्ही गेले की पुन्हा तसाच डोस, आणि एका दिवसात दोन्ही जाईपर्यंत हेच करत राहा. मधेच केएच, म्हणजे पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद, मोजून घ्या, प्रत्येक २ पीपीएम डोसमागे अर्धा-पाऊण डीकेएच (केएचचं एकक) खर्च होतो, सारखे डोस देत राहिलं की पीएच खाली येतो आणि मग सायकल विनाकारण रेंगाळते.

आणि आरओच्या मागे एक डीआय कार्ट्रिज (आरओतून सुटलेले क्षार पकडणारं) लावाच, टीडीएस कंट्रोलरच्या आधीचं पाणी घेऊन. नाहीतर प्रत्येक पाणीबदलाला तुम्ही टाकीत नायट्रेट ओतत राहाल आणि शेवाळ काढता काढता हात दुखतील.

कोकणरीफ:
अजून एक, पुण्यात तुमच्याकडे गुरुवारी लाइट जाते ना? या बॅक्टेरियांना ऑक्सिजन भरपूर लागतो, पंप बंद पडला की खडकाच्या आत ते गुदमरतात आणि लाइट आल्यावर अमोनिया वर दिसतो. मासे यायच्या आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा असेल तर बाटलीतले बॅक्टेरिया घालता त्या दिवसांत बंद ठेवा.

निळीटाकी_पुणे:
यूव्ही नाहीये, एअर पंप आजच मागवते. केएच ७ आला, थोडा वाढवून घेते. नायट्राइट आज अर्ध्यावर आहे. शून्य झालं आणि पुढचा डोस एका दिवसात साफ झाला की मगच मासे. क्लाउनची जोडी एकदम सोडली तर चालेल ना, की आधी एकच?

लॅबवाली:
जोडी एकदम सोडा, २ पीपीएम रोज खाणाऱ्या टाकीला दोन छोटे क्लाउन काहीच जड नाहीत. फार्ममध्ये वाढवलेलेच मागा, ते टाकीत लवकर रुळतात आणि पेलेट खातात. सोडायच्या आदल्या दिवशी मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणा, त्यासाठी डीआयचं पाणी. पहिला आठवडा दिवसातून एकदाच चिमूटभर खाणं, आणि अमोनिया रोज, सकाळीच, बादलीतल्या ताज्या मिठाच्या पाण्याची नळी शेजारी ठेवून. टाकीची नळी तिच्यापेक्षा हिरवी दिसली तर त्या दिवशी खाणं बंद आणि लगेच इथे लिहा.