फिफ्थ व्हीलची स्लाइड निम्म्यात अडकली, तातडीने मदत हवी

रानवाटा
युटामध्ये मोआबला आहोत, फिफ्थ व्हील (ट्रकमागे ओढायची राहती गाडी) घेऊन. उद्या ११ वाजता कॅम्पमधली जागा रिकामी करायची आहे आणि हॉलची स्लाइड (खोलीचा बाहेर सरकणारा भाग, तेलाच्या पंपावर चालतो) निम्मी आत येऊन थांबली. बटण दाबून काही होत नाही. तेल कमी दिसलं म्हणून टाकीत १ क्वार्ट ओतलं, तरी तेच. मेकॅनिक सोमवारी येतो म्हणतो. लवकर सांगा.

नट_बोल्ट
"काही होत नाही" म्हणजे नेमकं काय? मोटर फिरते पण स्लाइड हलत नाही, तर तेल, बंद व्हॉल्व्ह किंवा वाटेत अडकलेलं सामान. नुसता टक् आवाज येतो, तर वीज कमी पोचतेय. अगदीच शांत असेल, तर बटण, फ्यूज नाहीतर ब्रेकर. आणि ओतलंत ते तेल कोणतं? ब्रेक फ्लुइड असेल तर आता बटणाला हात लावू नका, सिलिंडरची सीलं खराब होतात.

डिझेलकाका
ट्रकची सात पिनांची केबल लावा, इंजिन चालू ठेवा. काम झालं.

नट_बोल्ट
काका, त्याने भागणार नाही. त्या तारेतून फार तर १५-२० अँपिअर येतात, पंपाला जोर लावताना ७०-१०० लागतात. ट्रकची मदत घ्यायचीच तर जंपर केबल थेट बॅटरीला लावा.

शून्यअंश
लिथियम बॅटरी टाका. व्होल्टेज पडतच नाही.

डिझेलकाका
आणि १०० अँपिअरचं बीएमएस (बॅटरीचं संरक्षक सर्किट) पंप सुरू होताच ट्रिप झालं की? शून्य अंशाखाली ती चार्जिंगही घेत नाही. ६ व्होल्टच्या दोन गोल्फकार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, वर्षानुवर्षं चालतात.

गौरी_ऑस्टिन
स्लाइडच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन स्प्रे मारता का? पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

रानवाटा
टक् आवाज येतो. तेल एटीएफच (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) आहे. कॅम्पची ५० अँपिअरची लाइन जोडलेली आहे, त्यामुळे बॅटरीचा संबंधच नाही.

नट_बोल्ट
संबंध आहे. पंप १२ व्होल्टचा. लाइनवर चालणारा कन्व्हर्टर (एसीचं १२ व्होल्ट डीसी करणारा) बहुतेक ५५ अँपिअरच्या आसपास देतो, वरचं सगळं बॅटरीतून येतं. मल्टिमीटर घ्या. घरातल्यांपैकी कोणाला तरी बटण धरायला सांगा, आणि तेवढ्या वेळात तीन ठिकाणी मोजा: बॅटरीवर, बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लस बोल्टपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत. शेवटच्या दोन्ही ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) बोल्ट शॉर्ट करून बघू नका. बॅटरी त्याच कप्प्यात असते, ठिणगीने हायड्रोजन पेटतो.

रानवाटा
१२.७, ०.४, १०.२.

नट_बोल्ट
सापडलं! बॅटरी ठीक, सोलेनॉइड ठीक. मायनसची वाट तुटलीय. पंपाची आणि बॅटरीची काळी तार चॅसिसला जिथे बोल्टने बसवलीय, ती दोन्ही टोकं बघा. तिथे गंज असणार. आधी बाहेरची लाइन बंद करा आणि बॅटरीची मायनस तार काढा. मग वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, स्टार वॉशर घालून घट्ट आवळा.

आणखी एक. तेल स्लाइड बाहेर असताना पाहिलंत ना? तेव्हा ते सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, टाकी रिकामी वाटणारच. पातळी सगळ्या स्लाइड आणि जॅक (गाडी उचलून धरणारे पाय) आत असताना पाहायची, टाकीच्या तोंडापासून साधारण अर्धा इंच खाली. तो क्वार्ट आधी उपसा, नाहीतर झाकणातून उतू जाईल.

डिझेलकाका
ड्रिलने मोटर फिरवून का नाही? मोटरच्या टोकाचं स्टिकर काढलं की खाली खाच असते.

नट_बोल्ट
बरोबर, शेवटचा उपाय तोच. पण सगळ्या पंपांना खाच नसते. फिरवायची दिशा लेबलवर बघायची. जॅक त्याच पंपावर असतील तर आधी त्यांचे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करा, नाहीतर स्लाइडऐवजी गाडीच खाली बसेल.

पुणेरी_प्रवासी
भारतात अशी गाडी आणता येईल का? महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय ना?

शून्यअंश
तेव्हाही लिथियमच घ्या.

रानवाटा
पंपाजवळचा बोल्ट हाताने फिरत होता, खाली सगळा गंज. घासून आवळला. हॉलची स्लाइड आत आली, मागोमाग बाकी दोन्ही. तेल आधीच उपसलं होतं. स्लाइड आत बसली तरी मोटर चालूच राहते, बटण लगेच सोडायचं का?

नट_बोल्ट
नाही. मोटरचा आवाज जड झाला की आणखी ३-४ सेकंद धरून ठेवा. दाब भरला की स्लाइड सीलवर घट्ट बसते, रस्त्यात सरकत नाही. ट्रान्झिट लॉक (प्रवासात स्लाइड अडवून धरणारे) असतील तर तेही लावा.