पुन्हा न भेटणाऱ्या माणसाशी प्रामाणिक का राहायचं? नीती देवाकडून की उत्क्रांतीतून

रानवाटा
हा वाद बहुतेक वेळा "प्राणीही माया करतात" आणि "देवाची भीती गेली की माणूस मोकाट सुटतो" या दोन वाक्यांवर अडकतो. म्हणून प्रश्न नेमका करतो. जो आपल्या रक्ताचा नाही, पुन्हा भेटणार नाही आणि ज्याला आपली लबाडी कळणारही नाही, त्याच्याशी सचोटीने वागायचं बळ कुठून येतं?

उत्क्रांतीची दोन उत्तरं मला पूर्ण मान्य आहेत. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचं १९६४ चं गणित सांगतं की नात्याचं प्रमाण (समान जनुकांचा वाटा) गुणिले समोरच्याचा फायदा हे आपल्या तोट्यापेक्षा जास्त भरलं, तर मदतीची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सख्ख्या भावासाठी हे प्रमाण १/२, चुलतभावासाठी १/८. दुसरं उत्तर ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाचं, १९७१ चं: परतफेड. रक्तपिपासू वटवाघळाला दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ते मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला ओकून भरवतं. पण कोणाला? पिल्लांना, नातलगांना आणि ढोलीतल्या ओळखीच्यांना. अनोळखी वटवाघळाला सहसा नाही.

म्हणजे दोन्ही उत्तरं नातं किंवा पुनर्भेट मागतात. त्यापलीकडची सचोटी, माझ्या मते, "वरचा बघतोय" या श्रद्धेने आणली. २०१६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास पाहा. पॅसिफिकमधलं तान्ना बेट, फिजी, मॉरिशस, सायबेरियातला तुवा, टांझानियातले हाडझा वगैरे ८ समाजांतले ५९१ लोक. प्रत्येकाला ३० नाणी, दोन वाट्या आणि एक फासा, त्याच्या तीन बाजू एका रंगाच्या, तीन दुसऱ्या. एक वाटी मनात धरायची, फासा टाकायचा. पहिला रंग आला तर मनातल्या वाटीत नाणं, दुसरा आला तर दुसऱ्या वाटीत. एका डावात एक वाटी स्वतःची, दुसरी दूरगावच्या सधर्मी अनोळखी माणसाची. कोणती वाटी मनात होती ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक. देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं जे जास्त मानत होते, त्यांनी दूरच्याच्या वाटीत जास्त नाणी टाकली.

चकवा
अभ्यास चांगला आहे, पण तुम्ही त्याच्यावर पेलणार नाही इतका भार टाकताय. ३० फाशांत सरासरी १५ येते आणि निव्वळ योगायोगाने १० ते २० पर्यंत काहीही येऊ शकतं. स्वतःच्या वाटीत १८ नाणी टाकणारा चोर ठरत नाही. बोलता येतं ते फक्त गटाबद्दल. शिवाय हा सहसंबंध आहे, कारण नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दूरचा माणूस *सधर्मी* होता. परधर्मीयाची वाटी तिथे नव्हतीच. कुंपण लांब सरकलं इतकंच यातून दिसतं, ते मोडल्याचा पुरावा यात नाही.

परतफेडीला निव्वळ हिशेबीपणा समजणंही अपुरं आहे. अॅक्सेलरॉडच्या संगणकी स्पर्धांत दोन खेळाडू पुन्हा पुन्हा सहकार्य की दगा हे निवडत. तिथे 'जशास तसे', म्हणजे आधी सहकार्य आणि मग समोरचा वागला तसं वागणं, हा डावपेच जिंकला, ते ५-३-१-० अशा गुणांवर: एकट्याने दगा दिला तर ५, दोघांचं सहकार्य ३, दोघांचा दगा १, फसलेल्याला ०. पण एकाच्या हातून नकळत चूक झाली की दोन 'जशास तसे' खेळाडू आळीपाळीने सूड घेत बसतात. हे सुधारायला नोवाक आणि सिग्मुंड यांनी १९९२ मध्ये क्षमा घातली: या गुणांना समोरच्याची आगळीक साधारण तीनातून एकदा सोडून द्यायची. क्षमाशीलता गणितातूनच निघाली, वरून कोणी पाठवली नाही.

सत्यशोधक
तुम्ही दोघेही वृत्ती कुठून आली ते सांगताय. ती बरोबर का, हे कोण सांगणार? उत्क्रांतीने आपल्याला माया दिली तशीच परक्याची घृणाही दिली. दोन्ही तितक्याच नैसर्गिक. त्यातली एक निवडायला मोजपट्टी लागते, ती निसर्गात सापडत नाही. जोतीराव फुल्यांनी ती निर्मिकात, म्हणजे जग घडवणाऱ्या निर्मात्यात, शोधली. सर्व स्त्री-पुरुष एकाच निर्मिकाची लेकरं, म्हणून समान हक्काचे, आणि मध्ये दलाल नको. १८७३ च्या सत्यशोधक समाजाचा पाया हाच. रक्ताच्या नात्याचा १/८ धरून जातिभेद मोडत नाही.

चकवा
पण फुल्यांनी धर्मग्रंथ तपासले कशाने? जे न्यायाला धरून नाही ते निर्मिकाचं असू शकत नाही, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. म्हणजे मोजपट्टी आधी हातात होती, मग निर्मिक तिच्यात बसला. प्लेटोचा जुना प्रश्न हाच: देव म्हणतो म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून देव म्हणतो? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा बघा. सुरुवातीच्या देव नाकारतात, पुढच्या प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणं, खोटं न बोलणं स्वीकारायला लावतात. त्यांच्या मांडणीत देवाच्या जागी नीतीच येते. लाखो लोकांनी समतेसाठी ही वाट धरली आणि तिला निर्मिकाची गरज पडली नाही.

सत्यशोधक
न्याय आधी ओळखला म्हणून त्याचा उगम देवात नाही, असं ठरत नाही. आधी काय कळतं आणि आधी काय असतं, हे वेगळे प्रश्न आहेत. धूर आधी दिसतो, आग नंतर. प्लेटोचा पेचही फक्त लहरी देवाला लागू पडतो. ज्याचा स्वभावच न्याय आहे त्याची आज्ञा मनमानी नसते. प्रतिज्ञांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

रानवाटा
चकवा, सधर्मीचा आक्षेप मान्य. आणखी एक सावधगिरी दोन्ही बाजूंना. "मोठे समाज आधी, नीतिरक्षक देव नंतर" असं सांगणारा २०१९ चा 'नेचर'मधला लेख कोणी पुढे करू नये. ज्या काळाची नोंदच मिळाली नाही तिथे "असा देव नव्हता" असं धरलं गेलं होतं. टीका झाली आणि २०२१ मध्ये लेख मागे घेतला गेला. लिपी येण्याआधी लोक काय मानत होते ते लिहून कोण ठेवणार? त्यामुळे देव आधी की मोठी वस्ती आधी, हा क्रम अजून सुटलेला नाही.

माझा दावा मी आखडता घेतो: देवच हवा असं नाही, पण न चुकणारा हिशेब ठेवणारं काहीतरी हवं. जैन आणि बौद्ध परंपरेत ते काम कर्म करतं, तिथे निर्माता नाही तरी खातं उघडं असतंच. नाण्यांचा तोच खेळ ईश्वर न मानणाऱ्या पण कर्म मानणाऱ्या समाजात खेळवा, आणि दुसरी वाटी यावेळी परधर्मीयाची ठेवा.

चकवा
आणि तिसरा गट देव-कर्म दोन्ही न मानणाऱ्यांचा घ्या. त्यांच्या हातून परधर्मीयाची वाटी रिकामी राहिली तर मी माझं म्हणणं सोडेन.