कॅमेरे की गस्त?

वर कुणीतरी लिहिलंय की वस्तीत चोऱ्या रोखायला कॅमेरे लावले की रहिवाशांच्या गस्तीची गरज नाही. मला हे पटत नाही, आणि कॅमेरेही बहुतेक ठिकाणी चुकीचे लावलेले असतात. अख्खा चौक दिसावा म्हणून एकच कॅमेरा उंचावर टांगतात. त्यात माणूस आला-गेला एवढंच कळतं. अनोळखी चेहरा ओळखता यायला समोरच्या जागेच्या दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात जेमतेम साडेसात मीटर जागा मावते. एक कॅमेरा तरी फाटकावर, अडीच-तीन मीटर उंचीवर रोखलेला हवा. त्याहून वर गेलात तर टोप्याच दिसतील.

साठवणुकीचा हिशोबही आधीच करा. ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट चित्रण) एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. लोक गावाहून परतून तक्रार देईपर्यंत चित्रण पुसलेलं असतं. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला जुळवा. ते पुढेमागे असेल तर तपासात आधी तेच निस्तरत बसावं लागतं.

गस्तीला नेहमी दोघं-दोघं. कुणाचा संशय आला तरी पाठलाग नाही, अडवणं नाही, झडती तर नाहीच. वेळ, दिशा, गाडीचा नंबर, बूट टिपा (शर्ट वाटेत बदलतात, बूट सहसा नाही) आणि लगेच पोलिसांना फोन करा. नोंद त्या माणसाने काय केलं याची करा. ‘संशयास्पद दिसला’ असं लिहून काहीच हाती लागत नाही, उलट निरपराध माणूस गोत्यात येतो. ‘तीन गाड्यांची दारं ओढून पाहिली’ हे उपयोगी.