वजन परत वाढल्यावर पुन्हा सुरुवात कशी केलीत?

वजन कसं उतरवलं हे सांगणारे चिक्कार भेटतात. उतरलेलं वजन व्याजासकट परत आल्यावर काय केलं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा धागा त्यासाठी. वजन पुन्हा वाढलं, उत्साह संपला, आणि तरी कधीतरी तुम्ही परत सुरुवात केलीत, ती कशामुळे? काय उपयोगी पडलं, काय अजिबात नाही?

दोन विनंत्या. कोणी मागितल्याशिवाय डाएट प्लॅन देऊ नका. आणि 'इच्छाशक्ती हवी' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते आम्हाला सगळ्या नातेवाइकांनी सांगून झालंय.

माझ्यापासून सुरुवात करते. माझं गाडं दरवेळी घरातलं आजारपण किंवा ऑफिसातलं वर्षअखेरचं काम आलं की अडायचं. तासभर व्यायाम जमत नाही, मग दहा मिनिटंही नकोत, असं व्हायचं. आता माझ्याकडे दोन बेत असतात, एक बऱ्या दिवसांचा आणि एक वाईट दिवसांचा. वाईट दिवसांच्या बेतात दोनच गोष्टी आहेत : रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं चालायचं आणि ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. त्यानं वजन उतरत नाही. पण वाईट महिना संपतो तेव्हा परत शून्यापासून सुरू करावं लागत नाही.

* * *

छान विषय. माझा अनुभव वजनकाट्याचा. मी रोज सकाळी वजन करते. पूर्वी एखाद्या समारंभात दोन दिवस भरपेट जेवलं की काटा दीड किलोनं वर जायचा, आणि 'सगळं पाण्यात गेलं' म्हणून मी तिथेच सोडून द्यायचे. 'पाण्यात' हे अक्षरशः खरं होतं, हे पुढे कळलं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मिठानं आणखी पाणी साठतं, पाळीच्या आधी आणखी. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. म्हणजे दोन दिवसांत दीड किलो चरबीसाठी साडेअकरा हजार! एवढं मी नक्कीच खाल्लं नव्हतं (प्रयत्न मात्र प्रामाणिक होते).

आता कपाटाच्या दाराला आतून एक आलेखाचा कागद चिकटवलाय. रोज पेन्सिलीनं एक टिंब, आणि रविवारी सात टिंबांची सरासरी लाल पेननं. मी फक्त लाल टिंबं बघते. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. पहिल्या आठवड्यात धडाधड उतरतं तेही बरंचसं पाणीच असतं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की 'बंद पडलं' असं वाटून लोक सोडतात, तिथे खरं तर चरबी उतरायला लागलेली असते.

* * *

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर आहे, पण सगळ्यांना काटा मानवत नाही. माझा दिवस कसा जाणार हे काट्यावरचा आकडा ठरवायचा. दिवसभर जवळजवळ उपाशी, आणि रात्री घरात निजानीज झाली की ओट्यापाशी उभं राहून, दिवा न लावता, डबा संपेपर्यंत खाणं. चव कळायची नाही. नंतर डबा धुऊन, पुसून जागच्या जागी ठेवायचा, म्हणजे कुणाला कळू नये.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ती झोप लागत नाही म्हणून. त्यांनी विचारत विचारत हे बाहेर काढलं. याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे, आणि त्यावर उपचार आहेत. त्यांची पहिली सूचना ऐकून मी चक्रावले : वजन कमी करणं सध्या बंद, आणि वेळच्या वेळी पोटभर जेवायचं. दिवसाची उपासमार थांबली तसं रात्रीचं खाणं हळूहळू ओसरलं. वजनाचा विषय आम्ही फार नंतर काढला. अजूनही दवाखान्यात मी काट्याकडे पाठ करून उभी राहते आणि आकडा फक्त डॉक्टर बघतात. ज्यांचं असं होतं, त्यांनी आधी ही मदत घ्यावी. प्रेरणाबिरणा नंतर.

* * *

मी आहारतज्ज्ञ आहे. वजन परत वाढलेली मंडळी माझ्याकडे येण्याआधी दोनतीनदा अपॉइंटमेंट पुढे ढकलतात, कारण लाज वाटते. आल्यावर पहिलं वाक्य, 'मॅडम, रागवू नका.' त्यांना मी दोन गोष्टी सांगते.

पहिली १९४४-४५ची. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. शरीरानं आणि मनानं खणखणीत म्हणून निवडलेली मुलं ती. काही आठवड्यांत त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. प्रयोग संपल्यावर त्यांतले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भूक शमायची नाही. दुसरी २०१६ची. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि नुसतं बसून असताना त्यांचं शरीर त्या वजनाच्या मानानं अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वजन घटलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च आखडतं. ते तुमच्या स्वभावावर ढकलू नका.

मग करायचंच कशाला, असं कोणी विचारेल. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. लक्ष्य माफक होतं : ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षांत या लोकांचं वजन बऱ्याच अंशी परत वाढलं. तरीही दहा वर्षांनंतर मोजलं तेव्हा मधुमेहाचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं. 'सगळं वाया गेलं' म्हणणाऱ्यांना मी हे आकडे कागदावर लिहून देते. आणि लक्ष्याच्या मध्यावर मुद्दाम थांबवते. दोनतीन महिने नुसतं आहे ते टिकवायचं. उतरवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचा सराव कोणी करतच नाही.

* * *

आपली साठी उलटली. वजन वगैरे मनावर घ्यायचं वय गेलं असं मी सरळ जाहीर केलं होतं. मग जिना उतरताना आडवा, खेकड्यासारखा उतरायला लागलो. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन एक किलोनं घटलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं घटतो. हे गणित डोक्यात बसलं. तीन किलो गेले तर बारा! मधे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे चालणं बंद पडलं आणि दोन किलो परत आले, तेव्हा काटा बघायच्या आधी जिन्यानंच चुगली केली. सध्या सरळ उतरतो. कठड्याला हात असतो, पण सरळ.

* * *

सोमवारपासून सुरुवात करायची माझी सवय मोडली. गुरुवारी दुपारी चार वाजताही सुरुवात करता येते, हे मला चाळिशीत कळलं.

* * *

काय उपयोगी पडलं नाही तेही विचारलंय म्हणून लिहितो : पैज. आमच्या ऑफिसात पैसे लावून वजन कमी करायची स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी अर्धा विभाग पाणी न पिता, सुकलेल्या ओठांनी काट्यावर चढला. जिंकणाऱ्याचं वजन पुढच्या स्पर्धेपर्यंत मूळपदावर, आणि त्यामुळे तो पुन्हा जिंकला.

* * *

एक प्रकार राहिला, औषधांनी वाढणारं वजन. मला सांध्यांच्या आजारासाठी स्टिरॉइड घ्यावं लागलं. चेहरा गोल झाला, भूक अशी की जेवून उठतानाच पुढच्या जेवणाचा विचार. आधी मेहनतीनं उतरवलेलं सगळं परत. भेटणारा प्रत्येक जण 'सोडलंस वाटतं?' असं विचारायचा. आजाराबद्दल सांगायची इच्छा नसायची, मग नुसतं हसायचं. इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही वजन वाढू शकतं. औषध आपल्या मनानं बंद करू नका, स्टिरॉइड तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं. 'पर्याय आहे का' हे डॉक्टरांना विचारता येतं, आणि विचारावंच. माझ्या बाबतीत नव्हता. त्या काळात 'कमी करणं' हा शब्दच मी काढून टाकला. या महिन्यात वाढू द्यायचं नाही, बस. डोस कमी होत गेला तसं मग जमलं.

* * *

इंजेक्शनवाल्यांनी लिहायचं की नाही? लिहितोच. सेमाग्लुटाइड, म्हणजे भूक कमी करून वजन उतरवणारं इंजेक्शन, घेत होतो. वजन उतरलं हे ठीक, पण डोक्यात सतत चालणारी खाण्याची कटकट थांबली. बाकीच्या लोकांना ती नसते हे मला तेव्हा समजलं! खर्च झेपेना म्हणून बंद केलं आणि कटकट परत सुरू, मागोमाग वजन. त्या औषधाच्या चाचणीतही तेच दिसलं आहे : बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी थांबवून दाब वाढला तर कोणी 'शॉर्टकट घेतलास ना' म्हणत नाही. आम्हाला मात्र ऐकावं लागतं. सध्या आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि परत येताना मुख्यतः चरबीच येते. कितपत टिकेल ते बघू.

* * *

मी शिक्षक, मला हजेरीपटाची सवय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात रोजची एक साधी कृती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून माझ्या पटावर गैरहजेरीला लाल रेघ मारत नाही, चौकोन कोरा सोडतो. लागोपाठ दोन चौकोन कोरे दिसले तरच स्वतःला कारण विचारतो. बहुतेक वेळा ते झोप हेच असतं. उशिरापर्यंत जागलो की दुसऱ्या दिवशी भूकही जास्त आणि आळसही.

* * *

सगळं वाचून काढलं. सध्या माझं वजन परत वाढलेलं आहे आणि या वेळी थायरॉइडवर खापर फोडायची तयारी होती. तपासणी करतेय. एक क्षुल्लक प्रश्न : जुने, बारीक असतानाचे कपडे ठेवता की देऊन टाकता?

* * *

(आहारतज्ज्ञ) तपासणी जरूर करा. पण थायरॉइड कमी असेल तर त्यामुळे वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलोच असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा. कपड्यांचं म्हणाल तर आज अंगाला नीट बसणारे दोन चांगले जोड आधी घ्या. घट्ट कपड्यांत कोणी फिरायला बाहेर पडत नाही.

* * *

मी सगळे देऊन टाकले. कपाट उघडलं की टोमणे मारायचे.

* * *

मी एक पँट ठेवली आहे. बटण लागत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला लावून बघते, नाही लागलं की परत घडी घालते. मागच्या महिन्यात चेन तरी वरपर्यंत गेली.