बोलका टीव्ही आणि दृश्यवर्णन: दोन वेगळ्या सोयी

दृष्टिहीन सासऱ्यांच्या फायर स्टिकवर (टीव्हीला जोडायचं अ‍ॅमेझॉनचं उपकरण) व्हॉइसव्ह्यू ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करूनही मालिकेत काय चाललंय ते त्यांना कळत नाही, आणि सासूबाईंना ऐकू कमी येतं, तर काय करावं, असं एकांनी विचारलंय. बिघाड काही नाही. व्हॉइसव्ह्यू फक्त मेनू वाचतो. पात्रांच्या हालचाली सांगणारं दृश्यवर्णन म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन, आणि तो स्वतंत्र ध्वनिपट्टा असतो. नेटफ्लिक्सवर कार्यक्रम सुरू करून 'ऑडिओ अँड सबटायटल्स' उघडा आणि भाषेपुढे 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' लिहिलेला पर्याय निवडा. नेटफ्लिक्सने ही सोय २०१५ साली 'डेअरडेव्हिल'पासून सुरू केली. यादीत तो पर्याय दिसलाच नाही तर त्या कार्यक्रमाला, निदान त्या भाषेत, वर्णन नाही असं समजा. सेटिंग चाळत बसू नका.

व्हॉइसव्ह्यू चालू-बंद करायला बॅक आणि मेनू ही बटणं एकदमच दोन सेकंद दाबून धरायची. नुसतं मेनू दाबून धरलं गेलं तर रिव्ह्यू मोड सुरू होतो. मग बाण दाबले की मजकूर वाचला जातो, पण निवड सरकत नाही, आणि रिमोट बिघडला असं वाटतं. पुन्हा मेनू दाबून धरा, सुटेल.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी साधी सबटायटल्स नकोत. 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन्स) लिहिलेली निवडा. त्यात दाराची घंटा, पडद्याबाहेरून कोण बोलतंय हेही येतं. अक्षरं मोठी करायला ब्राउझरमधून नेटफ्लिक्सच्या खात्यात जाऊन त्यांच्या प्रोफाइलचं 'सबटायटल अपिअरन्स' बदला. टीव्हीवर लगेच फरक दिसला नाही तर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा.